उंदराला गुण आला, मग माणसाला का नाही?

ऑकलंड, न्यूझीलंड

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत आणि मी "सविस्तर लिहून कळवते" म्हणाले, ते प्रश्न टाळायचा म्हणून नाही. आई शेजारीच होती, आणि उंदीर मारण्याच्या गोष्टी निघाल्या की ती फोन काढून घेते हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्ही उभी हयात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काढलीत, तेव्हा तुम्हाला आडपडदा न ठेवता सांगता येतं. तुमचा प्रश्न होता: ज्या औषधाने उंदराला गुण येतो त्याने माणसाला का येत नाही, आणि येतच नसेल तर एवढी जनावरं फुकट गेली की नाही?

आधी काम काय ते सांगते. प्रतिकारशक्तीला जागं करणारी औषधं कॅन्सरच्या गाठीवर काय करतात ते पाहायचं. काळ्या रंगाचा उंदीर, वजन वीसपंचवीस ग्रॅम. त्याच्या कुशीत कातडीखाली कॅन्सरच्या पेशी टोचतात. गाठ वाटाण्याएवढी झाली की पोटात बारीक सुईने औषध, आणि मग कॅलिपरने गाठीची लांबी-रुंदी मोजून वहीत मांडायची. शेपटीला धरून उचलायची जुनी पद्धत आता मोडीत निघाली आहे. पिंजऱ्यात प्लॅस्टिकची एक नळी ठेवलेली असते, उंदीर आपणहून तिच्यात शिरतो, आणि नळीसकट त्याला उचलायचं. लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की शेपटीने उचललेला उंदीर माणसाला भितो आणि नळीतून किंवा ओंजळीतून उचललेला उंदीर पुन्हा हाताजवळ येतो. बुजलेल्या जनावराच्या नोंदी खऱ्या नसतात. बुजलेल्या म्हशीची नाडी बघण्यात अर्थ नाही म्हणून तुम्ही मालकाला आधी दहा मिनिटं बाहेर बसवायचात, ते मला अजून आठवतं.

गाठ ठरलेल्या मापापुढे गेली की उंदराला मारावंच लागतं. त्याला दुसरा गोड शब्द मी शोधत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, आणि ते नेमकं याच शहरात घडलेलं आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत फ्लेव्होन अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड नावाचं एक रसायन गाजलं. उंदरांच्या घट्ट गाठींवर ते इतकं लागू पडायचं की लोक चक्रावले. माणसांना दिलं, तर काही म्हणजे काही झालं नाही. ऑकलंड विद्यापीठातल्या ब्रूस बॅगली, बिल डेनी आणि लाय-मिंग चिंग यांच्या गटाने त्याची भावंडं बनवायला घेतली आणि त्यातलं एक हाती लागलं, डीएमएक्सएए. ते कितीतरी जास्त जोरदार निघालं. शिवाय जुन्या औषधाला माणसाच्या पेशी दाद देत नव्हत्या, या नव्याला काचपात्रात थोडी तरी देत होत्या. आशा धरायला तेवढं पुरेसं होतं.

त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिलेला आहे, कारण उंदरांच्या प्रयोगात ते आजही वापरतात. सकाळी सुई दिली की दुसऱ्या दिवशी गाठीचा मधला भाग जांभळा, मग काळाठिक्कर पडतो. आतल्या रक्तवाहिन्या बसतात, रक्त पाझरतं आणि गाठ आतून मरते. काही दिवसांत वर खपली धरते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, बस, हेच ते औषध. तसं वाटलेल्यांना मी हसणार नाही.

न्यूझीलंड आणि इंग्लंडमध्ये माणसांवरच्या पहिल्या चाचण्या झाल्या, पुढे नोव्हार्टिस या औषधकंपनीने औषध घेतलं आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या जवळजवळ १३०० रुग्णांवर मोठी चाचणी केली. निम्म्यांना नेहमीची केमोथेरपी आणि हे औषध, निम्म्यांना नुसती केमोथेरपी. २०१० मध्ये मधला हिशेब काढला तर दोन्ही गटांत फरक नव्हता. चाचणी तिथेच थांबवली.

कारण सापडायला आणखी दोन-तीन वर्षं गेली. २००८ मध्ये मायामीच्या ग्लेन बार्बर यांच्या प्रयोगशाळेने पेशीतलं एक प्रथिन शोधून काढलं होतं, त्याचं नाव स्टिंग. विषाणूचा डीएनए पेशीत नको तिथे आढळला की हे प्रथिन जागं होतं आणि पेशी इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूविरुद्ध बाकीच्या पेशींना सावध करणारं प्रथिन, बनवायला लागते. २०१२-१३ मध्ये कळलं की डीएमएक्सएए उंदराच्या स्टिंगमध्ये किल्लीसारखं बसतं आणि माणसाच्या स्टिंगमध्ये बसतच नाही. माणसाचं स्टिंग म्हणजे अमिनो आम्लांच्या ३७९ कड्यांची साखळी. त्यातल्या २३० व्या जागी आपल्याकडे ग्लायसिन असतं, उंदराकडे त्या जागी आयसोल्युसिन. माणसाच्या प्रथिनात तेवढी एक जागा उंदरासारखी करून पाहिली, तर ते डीएमएक्सएएला दाद देऊ लागलं. एवढी वर्षं, एवढा पैसा, तेराशे माणसांची आशा, आणि आड आलं ते एवढंसं.

म्हणून "फुकट गेली का" याला माझं उत्तर "नाही" असं आहे, पण ते मी छाती पुढे काढून देत नाही. जिवंत शरीरात हे बटण दाबलं की गाठीचं काय होतं, हे उंदरानेच दाखवलं. नुसत्या काचपात्रात रक्तवाहिन्या कोसळताना दिसल्याच नसत्या. माणसाच्या स्टिंगला बसतील अशी औषधं आता बरेच जण बनवत आहेत, चाचण्याही चालू आहेत, बाजारात मात्र अजून एकही नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. औषध नक्की कशाला जाऊन चिकटतं हे माहीत नसताना इतक्या पुढे जायची घाई झाली. ते कळायची सोय त्या काळी नव्हती हेही खरं, पण कळत नव्हतं तर पावलं लहान टाकायला हवी होती, असं मला वाटतं. आमच्याकडचे ज्येष्ठ यावर मान डोलावतात आणि म्हणतात, "समोर मरणारा पेशंट असला की हे बोलणं अवघड असतं." तेही खरंच.

मुळात इंटरफेरॉनच जातीचं पक्कं असतं, एका प्राण्याचं दुसऱ्याला सहसा चालत नाही. १९५७ मध्ये लंडनच्या मिल हिलमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि झां लिंडेनमान यांनी कोंबडीच्या उबवत्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे घेतले आणि त्यांच्यावर उष्णतेने मारलेला फ्लूचा विषाणू सोडला. मग वरचं पाणी काढून ते ताज्या तुकड्यांना लावलं, तर त्यांच्यात जिवंत विषाणू वाढेना. त्या पाण्यात जे होतं तेच इंटरफेरॉन. जपानमध्ये नागानो आणि कोजिमा यांना १९५४ मध्येच सशाच्या कातडीत असंच काहीसं दिसलं होतं, पण तिकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. पुढच्या दोनेक वर्षांतच कळून चुकलं की कोंबडीचं इंटरफेरॉन उंदराच्या पेशींना कामाचं नाही आणि उलटही तसंच. याला अपवाद आहेत, आणि त्यातला एक तुमच्या खात्यातला: कुत्र्याच्या पिल्लांना पार्व्हो झाला की युरोपात जे इंटरफेरॉन देतात ते मांजराचं असतं, आणि ते तयार करतात रेशमाच्या अळीत! आपल्या दवाखान्याच्या ओट्यावर सलाईन लावून झोपवलेली ती पिल्लं आठवली.

आणि मानमोडी, म्हणजेच राणीखेत. तुम्ही वाड्यावस्त्यांवर कोंबड्यांना राणीखेतची लस टोचत हिंडलात, तोच विषाणू साठच्या दशकात इंटरफेरॉनवाल्यांच्या रोजच्या वापरातला होता. उंदराच्या शिरेत तो टोचला की काही तासांत रक्तात इंटरफेरॉन भरपूर मिळायचं. फ्रान्समध्ये आयन ग्रेसर यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला: इंटरफेरॉन काढूनच घेतलं तर? मेंढीत तयार केलेला इंटरफेरॉनविरोधी सीरम त्यांनी उंदरांना दिला आणि एरवी झेपले असते असे विषाणू उंदरांना झपाट्याने मारू लागले. त्यांनीच हेही दाखवलं की नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना रोज इंटरफेरॉन टोचत राहिलं तर त्यांची वाढ खुंटते, यकृत खराब होतं आणि ती मरतात. म्हणजे नसलं तरी मरण, फार झालं तरी मरण. गावात कोणी "इम्युनिटी वाढवा" म्हणायला लागलं की मला ती पिल्लं आठवतात. हेपटायटिसवर ज्यांनी इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतली त्यांना विचारा, सुई घेतल्यावर काही तासांत हुडहुडी, ताप, अंग मोडून येणं. फ्लूमध्ये अंग ठणकतं त्यातलं बरंचसं विषाणूचं काम नसतं, आपलीच माणसं ठोकत असतात.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली होती. लेव्हामिसोल. शेळ्या-मेंढ्यांना जंतासाठी तुम्ही किती पाजलं असेल त्याला हिशेब नाही. १९७१ मध्ये फ्रान्समध्ये रनू दांपत्याने उंदरांना ब्रुसेला या जंतूवरची लस देताना सोबत हे औषध दिलं, तर लसीचा असर वाढलेला दिसला. झालं, जंताचं औषध एकदम प्रतिकारशक्तीचं औषध म्हणून नावारूपाला आलं. संधिवातापासून कॅन्सरपर्यंत सगळीकडे वापरून पाहिलं. १९९० मध्ये अमेरिकेने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर फ्लुरोयुरॅसिल या कॅन्सरच्या औषधाबरोबर ते द्यायला मान्यताही दिली. पुढे त्याहून चांगलं मिळालं, आणि काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी घसरतात हेही दिसलं, तेव्हा ते मागे पडलं. तुमच्या कपाटातली ती बाटली एवढं जग फिरून आली होती.

उलटी बाजूही आहे, ती थोडक्यात सांगते कारण आईच्या हाती हे पत्र पडलं तर तिला झोप लागणार नाही. २००६ च्या मार्चमध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा धडधाकट तरुणांना टीजीएन१४१२ नावाचं प्रतिकारपेशींना चेतवणारं प्रथिन दिलं. माकडांना जेवढं सहज सोसलं होतं त्याच्या पाचशेव्या हिश्श्याइतकंच दिलं होतं. तासा-दीड तासात सगळे तळमळायला लागले, मग एकेक अवयव बंद पडत गेला. सहाही वाचले, पण एकाची बोटं गेली. नंतर कळलं की ज्या प्रकारच्या प्रतिकारपेशी भडकल्या, त्यांच्यावर माकडात हे औषध जिला जाऊन चिकटतं ती खूणच नसते. इथे जनावराने "धोका नाही" म्हटलं होतं, आणि स्वतःपुरतं ते बरोबरच होतं.

आणि तरीही, बाबा, तुमच्या दंडात गेलेल्या कोव्हॅक्सिनमध्ये असंच एक चेतवणारं रसायन आहे. तुरटीच्याच जातीतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारावर ते बसवलेलं असतं आणि पेशीतल्या टीएलआर-७ आणि ८ या पहारेकऱ्यांना जागं करतं. ती लस माणसांत सर्रास जाण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत २० लाल तोंडाच्या माकडांवर तपासली गेली, चार गटांत, गटाला पाच. लस दिलेल्या माकडांना मुद्दाम कोरोनाचा विषाणू दिला तरी त्यांची फुप्फुसं शाबूत राहिली. तिथे जनावराचा आणि माणसाचा हिशेब जुळला.

इथे प्रत्येक प्रयोगाआधी प्राणी-नीती समितीपुढे जावं लागतं, जसं आपल्याकडेही आहे. इथल्या १९९९ च्या कायद्याने त्या समितीत बाहेरची तीन माणसं लागतात: एक पशुवैद्य, एक प्राणिमित्र संस्थेचा प्रतिनिधी आणि एक नगरपालिकेकडून सुचवलेला सामान्य नागरिक. त्या नागरिकाचे प्रश्न सगळ्यांत नडतात. "आठ उंदरांत भागतं तर दहा कशाला?" असं त्याने विचारलं की संख्याशास्त्राची वही उघडून बसावं लागतं. गंमत अशी की याच देशाने २०५० पर्यंत मोठे उंदीर, पॉसम आणि मुंगसासारखे स्टोट समूळ संपवायचं ठरवलंय, पक्षी वाचावेत म्हणून. रानात विष आणि सापळे, आणि आत एका उंदराच्या दुखण्यासाठी चार पानांचा अर्ज. मला दोन्ही पटतं, आणि दोन्ही एकत्र पटतं याचं कधीकधी नवल वाटतं.

राहिला सदाकाकांचा प्रश्न. शेळ्यांची "इम्युनिटी वाढवणारी" जी बाटली त्यांना कोणीतरी गळ्यात मारली आहे, ती एवढ्यात पाजू देऊ नका. विकणाऱ्याला विचारा की हे शेळ्यांवर तपासलंय का नुसतं उंदरांवर, आणि बिनऔषधाचा गट शेजारी ठेवला होता का. उत्तर आलं नाही तर समजून जा. दादाला सांगून लेबलचा फोटो पाठवा, मागच्या बाजूचा बारीक मजकूरही दिसायला हवा. आणि पावसाळ्याआधीची घटसर्प-फऱ्याची लस चुकवू नका म्हणावं, ती सरकारी दवाखान्यात मिळते हे त्यांना तुमच्याहून कोण चांगलं सांगणार.

आईला नमस्कार, छोट्या ओवीला पापा. गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नका.

तुमची,
मनू