शाळेत आम्हाला सांभाळणाऱ्यांचे आभार

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा मी आणि आबा दापोलीत एसटी स्टँडच्या शेडखाली झोपत होतो. 'घरातच राहा' असं भोंग्यावरून सांगत गाडी फिरायची. घर होतं कुठे? त्यात आबांना खोकला, म्हणून शेजारचेही लांब सरकले. त्यांना तरी काय बोलणार.

मग सरकारी माणसं आली आणि आम्हाला शाळेच्या वर्गात चौदा दिवस ठेवलं. बाकं भिंतीला लावलेली, खडूने आखलेल्या चौकोनात एकेक अंथरूण, फळ्यावर अजून पाढे. ज्यांनी नाव लिहून घेतलं त्या भाऊंनी आधार कार्ड मागितलं नाही. 'राहणार' या रकान्यात त्यांनी शाळेचंच नाव घातलं. कितीतरी वर्षांनी आम्हाला पत्ता मिळाला होता.

दारात डबा ठेवणाऱ्या ताई, मास्कमुळे तुमचा चेहरा कधी दिसला नाही. पण आबांना दात नाहीत हे कळल्यावर दुसऱ्या दिवसापासून भाकरी दुधात कुस्करून यायला लागली. रोज ताप बघायला येणाऱ्या आशाताई, तुम्ही आबांना 'बाबा' म्हणायचात.

मुदत संपली तरी आम्हाला कुणी बाहेर काढलं नाही. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, कौलं उडायला लागली, तेव्हा दोन पोरांनी आबांना उचलून शेजारच्या स्लॅबच्या खोलीत नेलं. पोरांनो, त्या गडबडीत तुमची नावं विचारायची राहिली. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.