उदबत्तीवाल्या काकांना

ती. काकांस, सा. न.

काल टीबीची शेवटची गोळी घेतली. सहा महिने पुरे झाले. हे पत्र सगळ्यांदेखत लिहितोय, कारण माझा पाणउताराही सगळ्यांदेखतच झाला होता.

माझ्या थुंकीत टीबी निघाला, हे मानेवाड्याच्या आमच्या अभ्यासिकेत कळलं आणि सर्वांत आधी माठावरचा पेला फेकला गेला. मग माझी खुर्ची बाहेर गेली. दोन महिने खोकत असूनही मी धुळीची अ‍ॅलर्जी समजून सिरप पीत राहिलो, ही चूक माझीच. पण पेल्याने टीबी होत नाही, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं. तुम्ही नौदलातले निवृत्त मेडिकल असिस्टंट, रोज फक्त पेपर वाचायला यायचे. त्या दिवशी चष्मा काढून म्हणालात, "पेला राहू दे बाप्पा. एसी कुठं आहे ते दाखव पहिले."

मग जहाजाची गोष्ट सांगितलीत. १९६५ साली अमेरिकी नौदलाच्या 'रिचर्ड ई. बर्ड' या विनाशिकेवर एका खलाशाचा क्षय बरेच दिवस कुणाच्या लक्षातच आला नाही. पुढे तपास झाला, तेव्हा कोण कुठे झोपतं ते पाहिलं गेलं. त्याच्या खोलीतल्या बहुतेकांना लागण झालेली, ते समजण्यासारखं होतं. पण दुसऱ्या एका खोलीतही निम्म्याहून अधिक जण निघाले. ते त्याच्या शेजारी झोपत नव्हते. दोन्ही खोल्यांत यंत्रणा तीच हवा पुन्हापुन्हा फिरवत होती, एवढंच.

आमच्याकडे मुलींची बाजू वेगळी, मध्ये प्लायवूड. त्यामुळे तपासणीच्या यादीत त्यांची नावंच नव्हती. तुम्ही माझ्या जागेवर उदबत्ती लावलीत. धूर सरळ वर गेला, एसीच्या झोतात सापडला आणि प्लायवूडवरून पलीकडे उतरला. छतापर्यंत प्लाय न नेता दोन्हीकडे एकच एसी पुरवायचा, ही मालकांची काटकसर! (एप्रिलमधलं नागपूर, खिडकी उघडायचं नाव कोण काढणार? जुना कूलर असता तर निदान बाहेरची हवा तरी आत आली असती.)

आरोग्य केंद्रातल्या ताईंनी तो धूर बघितला आणि यादी वाढवली. पलीकडच्या तिघींना लागण निघाली. दोघींना नुसतीच लागण, आजार नाही, म्हणून त्यांना प्रतिबंधक गोळ्या. तिसरीच्या एक्स-रेत डाग होता, खोकला अजून सुरूही झाला नव्हता. तिचे उपचार आता संपत आलेत. मला वाटलं होतं ती आयुष्यभर शिव्या देईल. तिने परवा चालू घडामोडींच्या नोट्स मागितल्या.

आणि पहिल्याच आठवड्यात लाल लघवी बघून मी रात्री अकराला तुमचं दार वाजवलं होतं. हसला नाहीत. "टीबीच्या गोळीतल्या रिफाम्पिसिनचा रंग आहे, झोप जा," म्हणालात. त्याचे आभार वेगळे.

रविवारी तर्री पोहे माझ्याकडून. तुम्हाला तर्री सोसत नाही, माहीत आहे. साधे सांगू.

तुमचा,
कोपऱ्यातल्या खुर्चीवाला