मानेतला तुकडा आणि 'चमत्कारा'ची बातमी

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पेपरात अधूनमधून बातमी येते, मानेतनं नाहीतर छातीतनं सुई काढली, मोठं ऑपरेशन न करता, 'डॉक्टरांचा चमत्कार', खाली सगळ्या टीमचा फोटो आणि वाटीत ठेवलेली ती सुई. मी पण आवडीने वाचतो. पण पेशंटने पहिल्या तासाभरात काय केलं ते त्यात कधीच नसतं.

माझा भाचा इथल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, फिटर आहे. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुललेलं, वेळच्या वेळी घासून सारखं करायला पाहिजे पण करतं कोण, तर त्याचाच टवका उडून मानेत घुसला, जबड्याच्या खाली. रक्त दोन थेंब, भोक ज्वारीच्या दाण्याएवढं. जवळच्या क्लिनिकात धनुर्वाताचं इंजेक्शन, पट्टी आणि 'कंई नथी, मटी जशे', म्हणजे काही नाही, बरं होईल. रात्री हा आरशासमोर चिमटा घेऊन टोकरायला बसला, माझ्या बहिणीने हात धरला म्हणून बरं, कारण असा तुकडा कधीकधी बुचासारखा बसलेला असतो, तो उपसला की आत अडलेलं रक्त एकदम सुटतं आणि मानेतलं रक्त घरी थांबवणं काय सोपं आहे का.

सकाळी सूज. कुणीतरी एमआरआय लिहून दिला. तिथल्या टेक्निशियनने विचारलं, लोखंडाचं काम करता का? हो म्हटल्यावर त्याने आतच घेतलं नाही, त्या चुंबकाने लोखंडाचा कण जागचा हलू शकतो म्हणे. त्या पोराचे उपकार! मग साधा एक्सरे, त्यात तुकडा पांढरा चमकला, आणि नंतर डाय देऊन सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, त्यात कळलं की मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड तिथून जेमतेम ३ मिलिमीटर.

काढताना चिरा दीड इंचाचा. सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्सरे दाखवणाऱ्या मशीनवर, दोन बाजूंनी बघत बघत चिमटा तुकड्यापर्यंत नेला, आणि नस फाटलीच तर म्हणून नसांचे सर्जन शेजारी हात धुऊन उभे. यात चमत्कार कुठला, ही तयारी आहे. फिलाडेल्फियाच्या शेव्हेलियर जॅक्सन नावाच्या डॉक्टरने गेल्या शतकात लोकांच्या घशातनं, श्वासनळीतनं नळ्या घालून पिना, नाणी, बटणं काढली, त्यातल्या २,३७४ वस्तू तिथल्या म्युटर म्युझियममध्ये ठेवल्यात. अन्ननलिकेला तर मोठी महाधमनी अगदी चिकटून जाते, म्हणून माशाचा काटा अडकला की वरून केळं, भाताचा गोळा ढकलायची आपली घरगुती रीतही बंद व्हायला हवी. काटा आणखी रुततो.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी फोटोखाली चार ओळी छापा. रुतलेलं उपसू नका. रक्त येत असेल तर तुकड्यावर नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. भोक कितीही बारीक असो, हातोडा-छिन्नीचं काम असेल तर एक्सरे मागा, आणि लोखंडाचं आधी सांगितल्याशिवाय एमआरआयच्या खोलीत पाऊल टाकू नका. जागा कमी पडली तर टीमचा फोटो थोडा लहान करा.

आपला,
एक जुना वाचक, दांडिया बाजार, बडोदे