आमच्या हातात पाना देणाऱ्या मेस्त्रीकाकांना

ती. स्व. मेस्त्रीकाकांस,
साष्टांग नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानले की तुम्ही कुठल्यातरी गाडीखाली शिरता, म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालू नका असं बजावलंत, ते पाळलंय. डिचोलीतल्या लोकांना कळायचं ते कळेलच.

माजी सैनिकांसाठी निधी गोळा करत आम्ही बायकांनी बाईकवरून पुण्याला जायचं, खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये, म्हणजे जायबंदी जवानांच्या पुनर्वसन केंद्रात, तो पोचवायचा आणि बेळगाव-चोर्लामार्गे परतायचं, एवढं ठरलं होतं. जाऊन-येऊन हजाराच्या आसपास किलोमीटर. तुमच्याकडे आलो ते फक्त सर्व्हिसिंगसाठी. त्याआधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये 'मॅडम, तुम्ही आत एसीत बसा' म्हणून आम्हाला काचेच्या पलीकडे बसवलं होतं. तुम्ही आधी गाड्या बघितल्या, मग आमच्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "आंबोलीत केबल तुटली तर मी येऊ काय?"

त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच आमच्याकडून तयार करून घेतलंत. चवथीनंतर दर रविवारी, तुमच्या सुट्टीच्या दिवशी, शटर उघडायचं आणि आमच्या हातात पाना द्यायचा. तुम्ही मात्र हात मागे बांधून उभे. एकदाही 'सोडा, मी करतो' म्हणाला नाहीत. माझ्या मते सगळ्यात अवघड काम तुम्ही केलंत ते हेच. ज्याच्या हाताला सवय आहे त्याने दुसऱ्याला चाचपडताना गप्प बघत राहणं कुणाला जमतं?

पंक्चर काढणं तर आता आमच्यातल्या प्रत्येकीला येतं. ट्यूब बाहेर काढली की आधी टायरच्या आतून बोटं फिरवायची, कारण खिळा तिथेच राहिला तर पुढच्या दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. ट्यूब घासायची, सोल्युशन लावायचं आणि ते सुकेपर्यंत थांबायचं. घाई केली की पॅच सुटतो. ही थांबायची वेळ तुम्ही कधी वाया घालवली नाहीत. मुरलीकांत पेटकरांची गोष्ट आम्ही तेव्हाच ऐकली. तुमच्याच ईएमई कोअरचे, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलाचे जवान, १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर साथ देईना, आणि १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्णपदक. आपल्या सांगली जिल्ह्यातला माणूस, आणि आमच्यातल्या निम्म्याजणींना त्यांचं नावही माहीत नव्हतं. १५ ऑक्टोबरला तुम्ही पेढे ठेवलेत, तेव्हा कळलं की कोअरचा स्थापना दिवस असतो, १९४३ सालापासूनचा.

निधी सरळ बँकेतून पाठवता आला असता. तसा काही भाग आम्ही सशस्त्र सेना ध्वजदिन निधीत भरलाही. १९४९पासून ७ डिसेंबरला तो दिवस पाळतात, आणि त्या पैशातून जायबंदी जवान, वीरनारी आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांना मदत होते. पण तुम्ही म्हणालात, "पैसे पोचतील गो, माणसं पण पोचली पाहिजेत." गोव्यात हे आणखीच खरं आहे. आपल्याकडे जहाजावर जाणारा प्रत्येक वाड्यावर सापडतो, फौजेत जाणारा त्या मानाने विरळा. माजी सैनिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पिकल्या मिशांचे आजोबा येतात. प्रत्यक्षात कितीतरी जवान पस्तीस-चाळिशीतच निवृत्त होतात, मुलं शाळेत असतात आणि पुढचं सगळं आयुष्य उभं करायचं असतं. तुम्ही स्वतः त्याच वयात परत येऊन हे गॅरेज टाकलंत, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आता प्रवासातलं सांगते. पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी थांबलो, १९५५च्या १५ ऑगस्टला गोवामुक्तीसाठी तिथे गोळ्या झेललेल्या सत्याग्रहींना नमस्कार केला आणि सावंतवाडीकडे निघालो. आंबोलीच्या घाटात, धुक्यात, बँकेतल्या आमच्या मैत्रिणीच्या गाडीची क्लच केबल खरंच तुटली. तुम्ही प्रत्येक गाडीला जुन्या केबलच्या शेजारूनच नवी केबल ओवून बांधून ठेवायला लावली होती. एक टोक लिव्हरला, दुसरं खाली, ताण बघितला, झालं. टपरीवरची दोघं भली माणसं 'ताई, सरका, आम्ही करतो' म्हणत आली होती. ती माणसं पोचेपर्यंत मैत्रिणीने इंजिन चालू केलं होतं. तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

साताऱ्याच्या अलीकडे वाट वाकडी करून अपशिंगे मिलिटरीला गेलो. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या त्या गावच्या ४६ जणांची आठवण तिथे जपलेली आहे. एका गावचे ४६. आम्ही तिथे फारसं बोललो नाही.

आणि खडकी. पाठीच्या कण्याला दुखापत झालेले जवान, कुणी लढाईत, कुणी ड्युटीवरच्या अपघातात. एका दादांनी आम्हाला आपल्या व्हीलचेअरवरची हवेची गादी दाखवली. कमरेखाली संवेदना नसते, त्यामुळे एकाच जागी दाब पडत राहिला तरी कळत नाही, कातडी फाटते, जखम हाडापर्यंत जाते आणि महिनोन्‌महिने पालथं पडून राहावं लागतं. म्हणून त्या गादीतली हवा ते रोज हाताने तपासतात. आपण दिलेले पैसे कशाकशाला लागतात ते मला त्या एका गादीवरून समजलं. पावती बघून समजलं नसतं.

नंतर तेच दादा चेअर फिरवत गाड्यांपाशी आले. वाकून माझ्या चेनवर बोट दाबलं, खालीवर करून ढील बघितली आणि विचारलं, "मेकॅनिक सोबत आणलाय का?" आम्ही म्हटलं, आमचं आम्हीच करतो, एका ईएमईवाल्या मेस्त्रींनी शिकवलंय. ते इतके खुलले! मग अर्धा तास चेन, प्लग, घाट आणि तुम्ही, याच गप्पा. त्यांनी तुम्हाला रामराम सांगितलाय. त्यांच्याशी 'कसं वाटतं तुम्हाला' असलं काही विचारायची वेळच आली नाही. आम्हाला बोलायला एक विषय होता, तो तुम्ही दिला होता. काका, माझे खरे आभार यासाठी आहेत.

परतताना चोर्ला उतरताना सगळ्याजणी तुमचंच वाक्य घोकत होत्या : ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक कुणाचेही तापले नाहीत.

पैसे तुम्ही घेतले नाहीत आणि घेणारही नाही, त्यामुळे तो विषय बंद. पण साखळी आणि वाळपईच्या काही मुली आमच्या मागे लागल्यात, त्यांनाही शिकायचंय. पाने आम्ही आमचे आणू, शिकवायला आम्हीही थांबू. पुढच्या रविवारी शटर उघडं ठेवाल ना?

आपली,
निळ्या हिमालयन बाईकवाली, आणि बरोबरच्या सगळ्याजणी