माळढोक दिसला रे!

जैसलमेर,
9 नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर "वाळू खातोस की भाकरी?" एवढंच विचारलंस आणि ठेवून दिलास. भाकरीच खातो, लेका. बाजरीची. इथे तिला सोगरा म्हणतात. जाडजूड, वर लोण्याचा गोळा. मी आपली कडक भाकरी करून दाखवली तर आमचा आचारी चक्रावला. कितीतरी दिवस टिकते म्हटल्यावर म्हणाला, मग ही आमच्याच मुलखातली असणार. सोबत केर-सांगरीची भाजी. सांगरी म्हणजे खेजडीच्या वाळवलेल्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी! दसऱ्याला नमस्कार करतो त्या झाडाची भाजी होते हे आईला सांगू नकोस.

नोकरीचं म्हणशील तर शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, समच्या वाळूच्या टेकड्यांजवळ, तंबूंच्या रिसॉर्टवर रिसेप्शनला आहे. तंबू नावाचाच, आत एसी, कमोड, गरम पाणी. सीझन ऑक्टोबर ते मार्च, पुढे उन्हाळ्यात कुत्रंही फिरकत नाही म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत गुजराती मंडळी इतकी लोटली की मी तीन रात्री सामानाच्या खोलीत झोपलो. पहिला पगार दोन हप्त्यांत मिळाला. "सीझन लागू दे" हे वाक्य मालकाला इतकं पाठ आहे की झोपेतही म्हणत असेल. असो.

पाण्याचं मात्र डोक्यातून जात नाही. आमच्याकडे टँकर येतो, पाहुणे दोनदा शॉवर घेतात आणि प्रेशर कमी आहे म्हणून मला झापतात. मागे स्वयंपाकघराच्या अंगणात आमची बाई भांडी आधी वाळूने घासते, मग जेमतेम विसळते. आपण सोलापुरात चार-पाच दिवसांनी नळ येतो म्हणून मोर्चे पाहिलेत ना, तरी मी तिच्यासमोर कधी तोंड उघडलं नाही.

शहरातला किल्ला बघताना हेच आठवत होतं. रावळ जैसल या इथल्या राजाने 1156 साली हा बांधला. पिवळ्या दगडाचा, संध्याकाळी खरंच सोन्यासारखा दिसतो, आणि आत अजूनही माणसं नांदतात. पूर्वी पाणी घागरीने वर जायचं, त्यामुळे सांडायचंही घागरीच्याच मापाने. आता आत नळ आले, हॉटेलं झाली. ते पाणी टेकडीत मुरतं, पाया भुसभुशीत होतो आणि बुरूज ढासळतात. वाळवंटातला किल्ला ओलीने खचतोय, बोल!

आता मुख्य बातमी. मंगळवारी सुट्टी होती, एका जीपवाल्याबरोबर इथल्या डेझर्ट नॅशनल पार्कातल्या सुदासरीकडे गेलो. गवतात लांबवर पांढरी मान दिसली, डोक्यावर काळी टोपी. चालणं असं, की पाटील बांधावरून फेरी मारतोय. माळढोक! इथे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी आहे. आपण दोघांनी याच्यासाठी सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात दोन हिवाळे उपाशीपोटी काढले आणि काळविटं मोजून परत आलो, आठवतं? मी जीपवाल्याला मराठीतच ओरडून सांगितलं. तो हसला, मग सगळीकडे पसरलेल्या विजेच्या तारांकडे बोट दाखवलं. पक्षी वजनाला जड, उडताना समोरचं नीट दिसत नाही. तार आली की आयत्या वेळी वळताच येत नाही. पवनचक्क्या आणि सोलरची वीज त्याच तारांवरून जाते. आमचे एसी कुठल्या तारेवर चालतात ते मी विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या आत ये. जोधपूरपर्यंत रेल्वेने, पुढची गाडी मी सांगतो. राहायची सोय सामानाच्या खोलीत, पण गादी नवी आहे. शेंगाचटणी आण, किलोभर तरी. आचाऱ्याला कबूल करून बसलोय. आणि दुर्बीण तुझ्याकडेच राहिलीय, ती विसरलास तर स्टेशनवरूनच परत पाठवीन.

तुझा,
दिग्या