ठरलेला पगार तरी पुरता द्या

संपादक महाशय,

‘कमी पगाराची का होईना, नोकरी हवी’ अशा आशयाचा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखान्यांचा दाखला देऊन लेखक म्हणतात की तिथल्या बायका आपखुशीनं कामाला जातात, कारण गावाकडचं काम त्याहून वाईट असतं. यातलं अर्धं मला मान्य आहे. ते कळायला मला अर्थशास्त्र वाचावं लागलं नाही.

माझी अम्मा सोलापूरच्या पूर्व भागात चाळीस वर्षं विड्या वळत होती. रात्री पानं भिजवून ओल्या गोणपाटात बांधायची, पहाटे पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, मग दिवसभर मांडीवर सूप. आम्ही बहिणी शाळेतून आलो की विड्यांची तोंडं मोडायला बसायचो, तरी हजार भरायला रात्र व्हायची. कारखान्यात माल द्यायला गेलं की छाट निघायची. छाट म्हणजे वाईट ठरवलेल्या विड्या. त्यांचे पैसे नाहीत, आणि त्या परतही मिळायच्या नाहीत. पानं कमी पडली तर पदरचे पैसे घालून आणायची. हजाराला जो दर कागदावर होता, तो अम्माच्या हातात पुरता कधी पडलाच नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी एमआयडीसीत गणवेश शिवायच्या कारखान्यात लागले. खरं सांगते, पहिला महिना सुखात गेला. डोक्यावर पंखा, जेवणाची सुट्टी, आणि घंटा झाली की काम संपतं, हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. घरात तंबाखूची धूळ नाही. म्हणून ‘असले कारखाने बंदच करा’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बंद झाले तर आम्ही काय, परत मांडीवर सूप घ्यायचं?

पण लेखकांनी पगार म्हणून जो आकडा धरलाय, तो आम्हाला मिळतो असं त्यांनी गृहीतच धरलंय. शाळा उघडायच्या आधी ऑर्डरींची घाई असते, रात्री दहापर्यंत मशीन चालते. 1948 च्या कारखाना कायद्यापासून जादा तासांना दुप्पट मजुरी लिहिलीय. आम्हाला ओटी, म्हणजे जादा तासांची मजुरी, एकपटीनं मिळते, वेगळ्या पाकिटात, पगाराच्या चिठ्ठीवर त्याची नोंद नाही. पीएफ मात्र चिठ्ठीवर दर महिन्याला कापलेला दिसतो. माझ्या मुलीनं मोबाइलवर पासबुक उघडून दाखवलं, तर त्यात तीन महिने कोरे! अम्माची छाट आणि माझे हे तीन महिने, फरक मला तरी सांगता येत नाही. अम्माला आज महिन्याला हजार रुपये पेन्शन येते. थोडीच आहे, पण तिच्या नावावर पीएफ भरला गेला म्हणून ती तरी येते. आम्ही राहतो ते कुंभारीचं घरकुलसुद्धा विडी कामगार बायकांनी संघटना करून, मोर्चे काढून मिळवलेलं आहे. कारखाना आला म्हणून आपोआप मिळालं नाही.

राहिला ‘आपखुशी’चा मुद्दा. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ सावारला राणा प्लाझा ही शिलाई कारखान्यांची इमारत कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं गेली. भिंतींना भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. खालच्या बँकेनं आपली माणसं घरी पाठवली. वरच्या शिलाई कारखान्यांत सांगितलं गेलं, कामावर या, नाहीतर पगार मिळणार नाही. महिना भरत आला होता. बायका जिना चढल्या. मी त्यांच्या जागी असते तर मीही चढले असते, आणि लेखकांनी तेही माझ्या आपखुशीत मोजलं असतं.

आपल्याकडे सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. जादा कामाला कामगाराची लेखी संमती घेणार म्हणे. आमच्याकडे सुपरवायझर कागद पुढं करतो आणि बोटानं जागा दाखवतो, तिथं आम्ही सही करतो. वर काय लिहिलंय ते वाचायला थांबलं तर लाईन थांबते.

पगार किती असावा, यावर जरूर वाद घाला. 2019 मध्ये केंद्रानंच नेमलेल्या सत्पथी समितीनं देशात कुठंही दिवसाला निदान 375 रुपये हवेत म्हटलं, केंद्रानं 178 वर ठेवलं. बांगलादेशात कामगारांनी महिन्याला 23,000 टका मागितले, 2023 अखेर 12,500 मिळाले. पण आमच्या लाईनवरच्या बायकांना हे आकडे सांगितले तर त्या आधी विचारतील, हातात किती येणार?

माझ्या कोऱ्या तीन महिन्यांबद्दल मी ऑफिसात दोनदा विचारून आले. साहेब म्हणाले, “येतील की, घाई काय आहे?” पुढच्या महिन्यापासून हंगाम सुरू होतोय. तेव्हा कृपा करून पत्राखाली माझं नाव छापू नका.

एक शिलाई कामगार,
कुंभारी, सोलापूर