गयानाचं बिल आणि काटा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या अर्थविषयक पानावर दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या भरभराटीची बातमी वाचली. आठ लाखांच्या आसपास वस्तीचा देश, २०१५ साली समुद्रात तेल सापडलं आणि २०२२ मध्ये अर्थव्यवस्था एका वर्षात साठ टक्क्यांहून जास्त वाढली. आकडे बरोबर आहेत. पण मी साखर कारखान्यात चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झालो, आणि कुठलाही धंदा उसाच्या बिलासारखा वाचायची मला खोड आहे. दर काय निघाला ते नंतर, आधी तोडणी-वाहतूक किती कापली ते सांगा.

तेल कंपन्यांशी झालेल्या २०१६ च्या करारानुसार शंभर पिंपं निघाली, तर त्यातली पंचाहत्तरपर्यंत पिंपं कंपन्या खर्चापोटी घेतात. उरलेल्या पंचवीसचे निम्मे सरकारला, वर दोन टक्के रॉयल्टी. म्हणजे साडेचौदा. न वसूल झालेला खर्च पुढे ओढला जातो, आणि कंपन्यांचा प्राप्तिकरही सरकारच आपल्या वाट्यातून भरतं! असं बिल हातात पडलं असतं, तर आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे ऊस टाकतात तिथे, उड्या टाकल्या असत्या.

पुन्हा कापायचा खर्च खरा किती? १९९९ ते २०१७ पर्यंतच्या साधारण १६७ कोटी डॉलरच्या खर्चापैकी २१.४ कोटींवर लेखापरीक्षकांनी बोट ठेवलं. ही सरळ काट्याची तक्रार झाली. मी नोकरीला होतो तेव्हा एक म्हातारा शेतकरी रस्त्यावरच्या वजनकाट्याची चिठ्ठी टोपीत खोचून यायचा. आमच्या काट्यावर गाडी चाळीस-पन्नास किलो कमी भरली, की तो भांडायचा नाही, नुसती ती चिठ्ठी खिडकीवर ठेवायचा. बाहेरची चिठ्ठी चालत नाही, असं मीच त्याला दोनदा सांगितलं आहे.

गयानात मतांचाही काटा असाच अडला. डिसेंबर २०१८ मध्ये ६५ जणांच्या सभागृहात अविश्वास ठराव ३३ विरुद्ध ३२ ने मंजूर झाला. सरकारचा युक्तिवाद असा, की ६५ चे निम्मे साडेबत्तीस, त्याचे करायचे तेहतीस, म्हणून बहुमताला चौतीस हवेत! तिथल्या अपील न्यायालयाने हे गणित मान्यही केलं. शेवटी त्याच्याही वरच्या कॅरिबियन न्यायालयाने तेहतीस म्हणजेच बहुमत असं सांगितलं. मग २ मार्च २०२० ला मतदान झालं आणि फेरमोजणी, कोर्टकचेऱ्या होऊन नवे राष्ट्राध्यक्ष इरफान अली यांचा शपथविधी २ ऑगस्टला झाला. भारतीय वंशाचे एका पक्षामागे, आफ्रिकी वंशाचे दुसऱ्यामागे, असं तिथलं राजकारण. आणि डिसेंबर २०१९ पासून तेल सुरू झालेलं. खुर्ची कोण सोडणार?

सगळंच काळं आहे असं नाही. समुद्रातल्या नव्या तेलपट्ट्यांसाठी सरकारने रॉयल्टी दहा टक्के केली, खर्चाची मर्यादा पासष्टवर आणली. विद्यापीठाची फी माफ झाली. मात्र जुना करार, ज्यातून आज तेल येतंय, तो तसाच आहे.

आमच्या प्रयोगशाळेत जुनी माणसं मोठ्या दाण्याच्या साखरेला डेमेरारा म्हणत. ती डेमेरारा नदी गयानातलीच. तिथल्या उसासाठी १८३८ पासून आपली माणसं कलकत्त्याहून जहाजं भरून नेली. तिथलाच स्केल्डनचा साखर कारखाना २०१७ अखेर बंद पडला. बातमीत उसाचा उल्लेखही नव्हता. पुढच्या वेळी वाढीच्या टक्क्यांशेजारी कपातीचा रकाना छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त चीफ केमिस्ट, कराड